दोन उजवे पाय

विमानाच्या प्रतिकृतीच्या खोक्यावर चित्र काढणारा चित्रकार आणि त्या खोक्यात प्लास्टिक भरणारा कारखानदार या दोघांची उभ्या आयुष्यात गाठ पडू द्यावयाची नाही, असा काही दंडक या व्यवसायात पूर्वापार चालत आलेला असावा. चित्रात ढगांच्या राशी उसळलेल्या असतात, सूर्य मावळतीकडे कललेला असतो, विमानाची चारही इंजिने आवेशाने गर्जत असतात, आणि पंखांवरील पत्र्यांचे सांधे इतक्या नाजूक हाताने रेखाटलेले असतात की पाहणाऱ्याने मोठ्याने श्वास सोडला तर ते पुसले जातील की काय अशी भीती वाटावी. मग झाकण उघडावे, तो आतून राखी रंगाचा एक संमिश्र ऐवज बाहेर पडतो. तो विमानाचा आहे की मोरीच्या नळकामाचा, हे ठरविण्यासाठी चार प्रतिष्ठित इसमांना बोलावून रीतसर पंचनामा करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

उत्तम साच्यातून निघालेल्या प्रतिकृतीविषयी लिहिण्यासारखे काही नसते. तिचे भाग चौकटीतून सोडवावे, एकापुढे एक धरावे, की ते आपले आपण जुळतात, आणि जोडणाऱ्याकडे त्या शुभकार्यात साक्षीदाराच्या सहीपलीकडे काही काम राहत नाही. असली विमाने माझ्या कपाटात पाचसात आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाचीही जडणघडण मला आठवत नाही. ज्या विमानाचा प्रत्येक सांधा, प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक खोड मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल, असे विमान एकच आहे, आणि ते म्हणजे ज्याच्या साच्याला आपण कशाचा साचा आहोत याचे विस्मरण झाले होते, तो लिबरेटर.

पुण्याच्या माणसाने सारी विमाने सोडून लिबरेटरच्याच मागे का लागावे, असा प्रश्न कुणी विचारील, तर त्याला सबळ कारण आहे. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे २९ डिसेंबर १९३९ रोजी पहिल्यांदा आकाशात गेलेले हे चार इंजिनांचे अमेरिकन बॉम्बफेकी विमान दुसऱ्या महायुद्धात अठरा हजारांहून अधिक संख्येने बनले, आणि युद्ध संपल्यावर जगभर मोडीत निघाले. परंतु आमच्या लोहगावच्या विमानतळावर मात्र १९५१ पासून भारतीय हवाई दलाच्या सहाव्या स्क्वाड्रनमध्ये त्याने समुद्रावर पहारा ठेवण्याची नोकरी पत्करली, आणि १९६८ पर्यंत, म्हणजे इतर सर्व देशांनी त्याला पेन्शनीत काढल्यानंतरही, ती इमानेइतबारे बजावली. रूप म्हणाल तर बेताचेच. लांबट अरुंद पंख, त्याखाली लोंबणारे पेटाऱ्यासारखे धड, शेपटीला दोन अंडाकृती पाखे, आणि बॉम्बच्या कोठाराला दुकानाच्या शटरप्रमाणे वर गुंडाळली जाणारी दारे, असा सगळा व्यापारी थाट. अमेरिकन वैमानिक त्याला उडता मालडबा म्हणत. अशा विमानाचा साचा बिघडवावयाचा म्हटला तरी बिघडवण्यास वाव कोठे आहे, असे मला वाटले होते. परंतु मनुष्याच्या कर्तृत्वाला सीमा नाही.

कारखान्याचे नाव मी येथे देत नाही. त्याचे एक कारण सौजन्य हे आहे, आणि दुसरे व अधिक महत्त्वाचे असे की, त्या खोक्यावर ज्याचे नाव आहे त्याने तो साचा बनविला असेलच याची खात्री देता येत नाही. प्रतिकृतींच्या व्यवसायात पोलादी साचा हा गीतेतल्या आत्म्याप्रमाणे असतो. कारखाने बुडतात, खोकी बदलतात, चित्रे नवी येतात, किमती तर प्रत्येक जन्मी वाढतात, परंतु साचा तोच. इंग्लंडातील फ्रॉग या नामांकित कारखान्याने १९३६ साली प्लास्टिकच्या जोडावयाच्या विमानांचा पहिला संसार मांडला, आणि सत्तरीच्या दशकात तो संसार आवरताना आपल्या साच्यांची मोठी रास सोव्हिएत रशियाला विकून टाकली, हे या विषयातील दर्दी लोक जाणतात. त्या सौद्यातली मौज अशी की, जर्मन, जपानी आणि इटालियन विमानांचे साचे रशियनांनी घेण्याचे नाकारले. युद्ध संपून तीस वर्षे झाली होती. तरी शत्रूचे वीतभर प्लास्टिकही सरहद्दीच्या आत येऊ द्यावयाचे नाही, हा त्यांचा बाणा कायम होता, आणि ते साचे शेवटी दुसऱ्याच एका कंपनीच्या पदरी पडले. पुढे त्या रशियात गेलेल्या साच्यांचे वंशज कोणकोणत्या गावांत, कोणकोणत्या खोक्यांत आणि किती विटक्या प्लास्टिकात प्रकट झाले, याची वंशावळ लावणे हे पेशवे दप्तरातली मोडी कागदपत्रे लावण्याइतकेच चिकाटीचे काम आहे, आणि ते करणारे विद्वान आहेतही.

साचा बिघडतो म्हणजे नेमके काय होते, हे जिज्ञासूंसाठी सांगतो. वितळलेले पॉलिस्टायरीन मोठ्या दाबाने पोलादाच्या दोन पाळ्यांमधल्या पोकळीत घुसवले जाते, ते निवले की पाळ्या उघडतात, आणि आतल्या बारीक दट्ट्या तो भाग बाहेर ढकलतात. पाळ्यांच्या कडा झिजल्या की त्यांच्या फटीतून प्लास्टिक पाझरते आणि प्रत्येक भागाभोवती एक पातळ पापुद्रा धरतो, ज्याला या कामातले लोक फ्लॅश म्हणतात. दाब कमी पडला किंवा प्लास्टिक वाटेतच निवले तर पोकळीचे टोक रिकामे राहते आणि भाग अपुरा जन्माला येतो. जेथे प्लास्टिकचा थर जाड, तेथे ते निवताना आत ओढले जाऊन पृष्ठावर खड्डा पडतो. दोन पाळ्या किंचित सरकल्या असतील तर भागाचे उजवे अर्धे डाव्याशी भांडल्यासारखे बाजूला उभे राहते. आणि दट्ट्यांच्या वाटोळ्या खुणा तर नेमक्या अशा जागी उमटतात की त्या झाकाव्यात तर दिसतात आणि दिसू द्याव्यात तर कुणाला पटत नाहीत. यांपैकी एखादा दोष प्रत्येक प्रतिकृतीत असतोच. माझ्या लिबरेटरने मात्र एकालाही विन्मुख पाठवले नव्हते. प्रोपेलरचे पाते कोठे संपते आणि फ्लॅशचा पापुद्रा कोठे सुरू होतो, हे पाहण्यासाठी मला भिंग आणावे लागले. खऱ्या इंजिनात दोन रांगांत मिळून चौदा सिलिंडर असतात, त्यांपैकी साच्याला नऊच आठवले होते. आणि वैमानिक म्हणून ज्या आकृती दिल्या होत्या, त्यांना चेहरे नव्हते, ही मी त्यांच्यावर केलेली कृपाच समजतो, कारण हे विमान चालवावयाचे आहे असे कळल्यावर त्या चेहऱ्यांवर कोणते भाव उमटले असते याची कल्पना करवत नाही.

तरी या दोषांचे खरे स्वरूप कळण्यास थोडे अंकगणित करावे लागते. बहात्तरास एक हे प्रमाण या व्यवसायात फार रूढ आहे. सहा फुटी मनुष्य एक इंच होतो, हा इंग्रजी मापांचा सोयीचा हिशेब त्याच्या मुळाशी आहे, आणि १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून आपली व शत्रूची विमाने ओळखण्यासाठी लाकडाचे पाच लाख नमुने मागवले ते याच प्रमाणात. त्या प्रमाणाने लिबरेटरचा एकशे दहा फुटांचा पंखविस्तार साडेसेहेचाळीस सेंटिमीटर होतो, येथवर सर्व ठीक आहे. परंतु पंख आणि धड यांच्यामध्ये माझ्या विमानात जी दोन मिलिमीटरांची फट राहिली होती, ती खऱ्या विमानात जवळजवळ साडेचौदा सेंटिमीटरांची झाली असती, म्हणजे आतल्या माणसाला तीतून हात बाहेर काढून पावसाचा अंदाज घेता आला असता. पंखाची मागची कड, जी खऱ्या विमानात पत्र्याइतकी पातळ असावी, ती या हिशेबाने देवळाच्या उंबरठ्याएवढी भरत होती. आणि रिव्हेट! खऱ्या लिबरेटरात तीन लाखांहून अधिक रिव्हेट असत असे सांगतात. आमच्या साचेकाराने त्यांतले चारपाच हजार निवडून घेऊन बाकीच्यांचा अनुशेष त्यांच्या आकारात भरून काढला होता, इतका की प्रत्येक रिव्हेटची टोपी प्रत्यक्षात पेढ्याएवढी झाली असती. इंग्लंडात स्पिटफायर विमान तयार होत असताना उंच टोप्यांच्या रिव्हेटांनी वेग किती घटतो, हे पाहण्यासाठी अभियंत्यांनी सपाट रिव्हेटांवर वाटाण्याची डाळ एकेक करून चिकटवली आणि विमान उडवून पाहिले, तेव्हा वेग ताशी बावीस मैलांनी उतरल्याचे आढळले. डाळीने बावीस, तर पेढ्यांनी किती, हे त्रैराशिक मी मांडून पाहिले, आणि माझे विमान जमिनीवर उभे असतानाच मागे जात असावे असे उत्तर आल्यामुळे सोडून दिले.

खोक्यात एक कागदही होता. त्याला जोडणीची माहितीपत्रिका म्हणत असले, तरी त्याचा घाट फर्मानाचा होता: येथे हा भाग तेथे दाखल करावा, त्यावर तो भाग कायम करावा, कसूर होऊ नये. कोणत्या खोबणीत कोणती खुंटी बसवावी याचा बाण काढलेला असे. परंतु बाणाच्या एका टोकाला खोबण नसे आणि दुसऱ्या टोकाला खुंटी नसे, आणि त्या दोहोंच्या मध्ये बाण तेवढा सरकारी आत्मविश्वासाने उभा असे. फेरिस्तीत सत्तावन्न क्रमांकाचा भाग दोनदा आला होता आणि अठ्ठावन्न एकदाही नाही. रंगांची यादी चार भाषांत होती, त्यांतली एकही मराठी नव्हती याचा विषाद वाटण्याचे कारण नाही, कारण उरलेल्या तीन भाषांतही ती इंग्रजीशी जुळत नव्हती.

असो. दोन उजव्या पायांचा मजकूर आता सांगितला पाहिजे. लिबरेटर नाकाखाली एक आणि पंखांखाली एकेक अशा तीन चाकांवर उभा राहतो, आणि पंखाखालच्या प्रत्येक पायाला चाक एकाच अंगाने जोडलेले असल्यामुळे उजवा पाय आणि डावा पाय हे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. माझ्या खोक्यात भरणाऱ्याने उजव्या पायाची चौकट दोनदा टाकली होती आणि डाव्याची टाकली नव्हती. आपल्याकडे उंबरठा ओलांडून घरात येताना उजवा पाय पुढे टाकणे शुभ मानतात, आणि त्या दृष्टीने पाहता ज्याचा डावा पाय मागे राहण्याची शक्यताच समूळ नष्ट केली आहे, असे हे विमान घरात येणे म्हणजे साक्षात लक्ष्मीचे आगमन होते. तरी पण शास्त्राधारापेक्षा तंत्राला महत्त्व देऊन मी खोके काखेत मारून दुकानी गेलो.

दुकानदार वर्तमानपत्र वाचत होते. मी दोन्ही पाय त्यांच्यासमोर काउंटरवर मांडले आणि फिर्याद सांगितली.

"पाय किती लागतात?" त्यांनी वर्तमानपत्र न हलवता विचारले.

"दोन."

"दिलेत किती?"

"दोनच. पण दोन्ही उजवे आहेत."

"मग कमी काय दिलंय?" असे म्हणून त्यांनी पान उलटले, आणि त्यांच्या डोक्यावरची उघडलेले खोके कोणत्याही सबबीवर परत घेतले जाणार नाही अशी पाटी मला आपोआप दिसू लागली. न्याय त्यांच्या बाजूने होता. संख्येची तक्रार करता आली असती. दिशेची तक्रार ऐकण्याचे खाते त्या दुकानात नव्हते.

घरी परतताना मला मिशिगनमधील विलो रन येथल्या फोर्ड कंपनीच्या अजस्र कारखान्याची आठवण झाली, कारण लिबरेटर जोडणाऱ्या प्रत्येक माणसाला ती केव्हातरी होतेच. मोटारी बनवणाऱ्यांनी विमानेही मोटारींसारखीच पट्ट्यावर बनवावी, असे फोर्डच्या चार्ल्स सोरेन्सन या अधिकाऱ्याच्या मनाने १९४१च्या जानेवारीत घेतले, आणि एका रात्रीत त्याने हॉटेलच्या खोलीत बसून त्या कारखान्याचा आराखडा कागदावर उतरवला. आरंभी सगळे बिनसले. विमानाचे कारखानदार मऊ धातूचे साचे वापरत, कारण विमानाची रचना वरचेवर बदलते. फोर्डच्या लोकांनी सवयीप्रमाणे कडक पोलादाचे महागडे साचे पाडले, आणि हवाई दलाने प्रत्येक फेरफार सुचवताच ते मोडीत काढण्याची पाळी आली. साच्यांचा शाप हा असा पूर्वापार आहे. परंतु १९४४ साली, सर्व स्थिरस्थावर झाल्यावर, त्या कारखान्यातून सुमारे दर तासाला एक संपूर्ण लिबरेटर बाहेर पडू लागला. एका तासात, सज्जनहो, चार इंजिने, दहा माणसांच्या बैठका आणि तीन लाख रिव्हेट यांसह. आणि त्याच एका तासात मी घरी काय करीत असे, तर एका मशीनगनच्या नळीभोवतीचा फ्लॅश पात्याने तासून काढीत असे, आणि तासाच्या शेवटी नळीही फ्लॅशबरोबर गेली असल्याचे ध्यानात येत असे. आणखी एक गोष्ट तर जोडणाऱ्याच्या काळजाला हात घालणारी आहे. फोर्डने अठराशेहून अधिक लिबरेटर पुरे न जोडताच, त्यांचे सुटे भाग गाड्यांवर लादून, दुसऱ्या कंपन्यांच्या तुळसा आणि फोर्ट वर्थ येथल्या कारखान्यांकडे जोडणीसाठी पाठवले. म्हणजे बहात्तरास बहात्तर प्रमाणाची ती प्रतिकृतीच. त्या भागांत कधी दोन उजवे पाय निघाले असतील का, आणि निघाले असल्यास तुळसाच्या मुकादमाला विलो रनच्या कारकुनाने काय उत्तर दिले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

जोडणीचा सर्व वृत्तांत येथे देणे अशक्य आहे, आणि वाचकांच्या सहनशीलतेवर माझा तसा हक्कही नाही. धडाची दोन अर्धुके गरम पाण्यात बुडवून सरळ केली. ती सरळ झाली, आणि सुकताना पुन्हा आपल्या मूळ मताला आली. प्लास्टिकचे सिमेंट हे खरे पाहता गोंद नव्हेच. ते दोन्ही कडा वितळवून एकमेकींत मिसळते, आणि म्हणून कडा एकमेकींना भेटतच नसतील तर ते नुसतेच हवेला वितळवत बसते. मग रंगारी भिंतीला आणि गाडीला भरतात ती लांबी भरावी लागली. ती भरावी, वाळू द्यावी, कानशीने आणि पाण्यातल्या पॉलिश पेपरने घासावी, तो तिच्याबरोबर आजूबाजूचे रिव्हेटही साफ होतात, हा एक लाभच. परंतु लांबी वाळताना आकसते, फट पुन्हा डोके वर काढते, आणि मनुष्य पुन्हा लांबी घेऊन बसतो. अखेर धडाच्या त्या भागात प्लास्टिक किती आणि लांबी किती, याची जमाबंदी केली असती, तर विमान प्लास्टिकचे ठरले नसते. या कामी घरातली नखे घासण्याची कानस, केसांच्या चापा, कपडे वाळत घालण्याचे चिमटे आणि दात घासण्याचे जुने ब्रश यांची एकामागून एक जप्ती झाली, आणि एके दिवशी स्वयंपाकघरातून "अहो, भाकरी भाजायला उलथनं मिळेल का, की तेही पंखाला लावलंय?" असा शांत स्वर आला. उलथने पंखाला लावलेले होते. दुसरा कोणताही सपाट वजनदार पदार्थ घरात नव्हता.

आमच्या शेजारचे काका लोहगावला फिटर होते. वयाची ऐंशी त्यांनी केव्हाच ओलांडली आहे, परंतु चार प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांचा घोष कानात घेऊन जे गृहस्थ तरुण झाले, त्यांना आमच्या वाड्यातला कोणताही आवाज मोठा वाटत नाही. एका संध्याकाळी ते विमान पाहण्यास आले, चष्मा काढून त्यांनी ते डोळ्यांजवळ धरले, एका अंगाने पाहिले, दुसऱ्या अंगाने पाहिले, आणि म्हणाले, "पंख एक खाली, एक वर."

"होय काका. साचाच तसा आहे. पुष्कळ खटपट केली."

"आणि इंजिन क्रमांक तीनची टोपी वेगळी."

"ती मूळची अपुरी होती. दुसऱ्या विमानातली काढून लावली."

"मग बरोबर आहे," ते समाधानाने म्हणाले. "कानपूरचं आहे."

या दोन शब्दांचा अर्थ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी तो इतिहास सांगणे भाग आहे, आणि तो सांगताना विनोदी लेखकाचा हात थोडा आखडतो, कारण वस्तुस्थितीनेच त्याच्यावर मात केलेली आहे. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांच्या ताब्यातले, अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर घेतलेले लिबरेटर कानपूरच्या तळावर आणून टाकण्यात आले. ते पुढे कुणाच्याही उपयोगी पडू नयेत म्हणून मालकांनी जाण्यापूर्वी त्यांची पद्धतशीर मोडतोड केली. उपकरणे फोडली, धडे चेपली, इंजिनांत वाळू ओतली. स्वातंत्र्य मिळाले, काश्मीरवर लढाई जुंपली, नव्या सरकारला लांब पल्ल्याची विमाने हवी होती आणि खजिन्यात ती विकत घेण्याजोगा पैसा नव्हता. तेव्हा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळूरला उभ्या केलेल्या आणि नंतर सरकारकडे गेलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांना विचारणा झाली: त्या भंगारातून काही उभे राहील काय? कारागीर कानपूरला गेले. या विमानाची चाके त्या विमानाला, त्याची शेपटी तिसऱ्याला, असे करीत त्यांनी एकेक सांगाडा उडण्याजोगा केला, आणि जमशेद मुन्शी नावाच्या त्यांच्या वैमानिकाने, ज्याने तोवर लिबरेटर कधी चालवलेला नव्हता, तो दीड हजार किलोमीटरांवरच्या बंगळूरला एकेक करून उडवत नेला. तेथे त्यांची पुरती डागडुजी झाली, आणि १९४८च्या नोव्हेंबरात हवाई दलाचे पाचवे स्क्वाड्रन या विमानांवर उभे राहिले. अशी चाळीसच्या आसपास विमाने त्या कबरस्तानातून उठली. यातला शेवटचा विनोद तर नियतीनेच केला. पुढे इंग्लंडातल्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयाला आपल्या संग्रहात एक लिबरेटर असावा असे वाटले, तेव्हा तो भारताने १९७४ साली भेट दिला. आणि तो याच, त्यांच्याच माणसांनी मोडून टाकलेल्या कानपूरच्या विमानांपैकी एक होता. लंडनच्या त्या दालनात उभे राहून तो पाहणाऱ्या गोऱ्या प्रेक्षकांना ही गोष्ट कुणी आवर्जून सांगत असेल, असे मला वाटत नाही.

काकांच्या या एका शेऱ्याने माझ्या लिबरेटरला वंश मिळाला, आणि वंश मिळाला की व्यंगे ही खानदानाची लक्षणे ठरतात. मी तो भारतीय हवाई दलाच्या वेषात रंगवण्याचे ठरवले. हा निर्णय भावनेने घेतला होता, आणि त्याची किंमत तंत्राने वसूल केली. कारण आपले लिबरेटर पुष्कळदा नुसत्या धातूच्या चकाकीत उडत, आणि रुपेरी रंग हा रंग नसून चुगलखोर आहे. लांबीची प्रत्येक उंचसखल जागा, पॉलिश पेपरचा प्रत्येक ओरखडा, जो हिरव्या रंगाखाली मुकाट्याने दडून राहिला असता, तो रुपेरी रंग लागताच साक्षीला उभा राहिला. खोक्यात ज्या पाण्याने चिकटवायच्या खुणा होत्या त्या अर्थातच अमेरिकन होत्या, आणि त्यांतला पांढरा भाग इतका पिवळा पडला होता की चांदण्यांऐवजी पिकली पाने वाटत. त्या मी वापरल्या नाहीत. एका स्नेह्याने दिलेल्या बाहेर केशरी, मध्ये पांढऱ्या व आत हिरव्या अशा आपल्या वर्तुळांचाही पांढरा भाग पिवळटच होता. परंतु त्यावर एक उपाय जाणकारांना ठाऊक आहे, तो असा की कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवून उन्हात ठेवावा, म्हणजे पिवळेपणा उडतो. पुण्याचे ऊन या कामी फार गुणकारी. पंधरवडाभर आमच्या खिडकीत हवाई दलाची वर्तुळे लटकत होती, आणि एका टपालवाल्याने ही कुठली नवी निवडणूक आहे, अशी आस्थेने चौकशी केली.

राहता राहिला तोल. तीन चाकांच्या विमानात नाकाकडे वजन कमी पडले तर ते शेपटीवर बसते, आणि लिबरेटरचे नाक म्हणजे बव्हंशी काचच असल्यामुळे वजन लपवावे कोठे हा कठीण प्रश्न असतो; माहितीपत्रिकेने तो न विचारून सोडवला होता. कोळ्यांच्या जाळ्याला लावतात ती शिशाची वजने मी वैमानिकांच्या बैठकीमागे, फरशीखाली आणि चारही इंजिनांच्या पोकळ्यांत कोंबली. विमान नाकावर आले. परंतु एवढ्या शिशाचा भार पडल्यावर पंखाखालचे पाय फाकू लागले, त्यातही डाव्या जागी बसवलेला उजवा पाय, ज्याचे चाक नको त्या अंगाला गेले आहे, तो अधिक. आणि परिणामी माझा लिबरेटर सदोदित कुणाची तरी वाट अडवून उभा राहिल्यासारखा, एक खांदा टाकून, तिरका उभा असतो. जोडताना उतावळ्या गोंदाच्या वाफेने काचेच्या नाकावर जे धुके चढले ते तसेच ठेवले आहे, आणि आतले चेहरे नसलेले वैमानिक त्यात सुखी असावेत.

माझा निर्णय असा आहे की प्रतिकृती टाकाऊ आहे, साचा वितळवण्याच्या लायकीचा आहे, चित्रकार थोर आहे, आणि तेच खोके पुन्हा दिसले तर मी पुन्हा घेईन. तूर्त मात्र एक विनंती आहे. उजव्या पायाच्या दोन चौकटी ज्या हातांनी माझ्या खोक्यात टाकल्या, त्याच हातांनी त्याच दिवशी डाव्या पायाच्या दोन चौकटी दुसऱ्या कुठल्यातरी खोक्यात टाकल्या असल्या पाहिजेत, आणि ते खोके महाराष्ट्रात, गोव्यात, बडोद्यात, इंदुरात किंवा परदेशात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबात पोहोचले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. ज्या कुणापाशी बहात्तरास एक प्रमाणाचा, दोन डाव्या पायांचा लिबरेटर असेल, त्यांनी संपादकांच्या मार्फत कळवावे. एका डाव्या पायाच्या मोबदल्यात एक उजवा पाय तत्काळ पाठवण्यात येईल. फ्लॅश मी स्वतः काढून ठेवला आहे, आणि दोन्ही बाजूंचा टपालखर्च माझ्याकडे.